टायटनवरची घाईची बाई

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभा होतो. "मामा, मला सहा एलियन पाहिजेत," तो म्हणाला. वाण्याकडे अर्धा किलो शेंगदाणे मागावेत त्या सुरात. दूध उतू गेलं ते वेगळंच.

प्रकार असा, की तो आणि त्याचे तीन मित्र मिळून मराठीत विज्ञानकथेची ऑडिओ मालिका करताहेत. अवकाशात कुठेतरी आडबाजूला एक धर्मशाळा आहे, निरनिराळ्या ग्रहांवरचे प्रवासी तिथे मुक्कामाला येतात आणि यान बिघडल्यामुळे अडकून पडतात. मी आयुष्यभर बारावीला फिजिक्स शिकवलं, म्हणून परग्रहवासीयांचं खातं माझ्याकडे. "फक्त सगळे वेगवेगळे पाहिजेत हं," त्याने बजावलं. "नाहीतर कोण बोलतंय तेच कळत नाही."

पडद्यावर हे काम तसं सोपं असतं. कपाळावर चार सुरकुत्या चिकटवल्या, कान टोकदार केले, अंगाला निळा रंग फासला की झाला परग्रहवासी. दोन हात, दोन पाय आणि मधोमध नाक मात्र कायम, कारण आत शेवटी माणूसच कोंबायचा असतो. ऑडिओत ती अडचण नाही. डोकी सात ठेवा नाहीतर ठेवूच नका, खर्च तेवढाच. पण मग त्याचं असणं सगळं आवाजातून उभं करायचं, आणि आवाज म्हटला की हवा आली.

मी मंगळापासून सुरुवात केली, कारण तिथला आवाज आपण खरोखर ऐकलेला आहे. २०२१मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर माइक होते. त्यातून कळलं, की मंगळावर आवाज सेकंदाला साधारण २४० मीटर जातो. आपल्याकडे ३४०. पण गंमत पुढेच आहे. तिथल्या विरळ कार्बन डायऑक्साइडमध्ये उंच पट्टीचा आवाज खालच्या पट्टीपेक्षा जास्त वेगाने, २५०च्या आसपास, धावतो. म्हणजे मंगळावर तबल्याचा 'धा' वाजवला, तर चाटीवरचा 'ना' आधी पोचणार आणि डग्ग्याचा 'घे' मागून धापा टाकत येणार. शंभर मीटरवर हा फरक सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा. (तेवढ्या लांब तिथे आवाज पोचतो का, हा प्रश्न विचारू नये. फारसा पोचत नाही.) तेव्हा माझ्या मंगळवाल्याच्या बोलण्यात बायकांचे आणि पोरांचे आवाज नेहमी आधी ऐकू येतात, पुरुषांचं म्हणणं मागाहून. भाचा म्हणाला, "यात परग्रहावरचं काय आहे?"

मग शनीचा चंद्र, टायटन. २००५च्या जानेवारीत हायगेन्स यान तिथे उतरलं, तेव्हा त्यानेही सोबत माइक नेला होता. तिथली हवा आपल्यापेक्षा दाट, तळी मिथेनची, आणि थंडी उणे १७९ अंश. अशा थंड हवेत आवाज सेकंदाला दोनशे मीटरही धड जात नाही. हेलियम ओढल्यावर माणसाचा आवाज चिरका होतो ना, त्याच्या बरोबर उलट: टायटनवाल्याचा घसा भल्या मोठ्या रांजणासारखा घुमणार.

पण मला भुरळ घातली ती थंडीने. रसायनशास्त्रात एक ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी उतरलं की रासायनिक क्रियेचा वेग निम्मा होतो. आपल्या वीस अंशांवरून टायटनपर्यंत खाली यायचं म्हणजे वीसदा निम्मा. मी पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला, उत्तर आलं दहा लाख अठ्ठेचाळीस हजार आणि काही. ठोकताळा इतका ताणायचा नसतो हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो, पण आता पेपर तपासायचे नव्हते. आपल्याला 'नमस्कार' म्हणायला एक सेकंद लागत असेल, तर टायटनवाल्याला बारा दिवस. पहिल्या भागात तो तोंड उघडेल आणि चौथ्या भागात नमस्कार पुरा होईल. मराठी मालिका बघणाऱ्यांना यात काही वावगं वाटू नये.

तिसरं पात्र ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याच्या कुटुंबातलं. चाळीस प्रकाशवर्षांवरचा हा लहानसा तांबूस तारा, आणि त्याच्याभोवती खेटून फिरणारे सात ग्रह. सातही असल्याचं २०१७मध्ये जाहीर झालं तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. मी त्यातला 'ई' हा ग्रह निवडला. त्याचं वर्ष आपल्या ६.१ दिवसांचं. म्हणजे वाढदिवस आठवड्याच्या आत. म्हणजेच आपलं एक वर्ष होईस्तोवर तिथल्या बाळाची साठ वर्षं भरतात, बारसं आणि साठीशांत एकाच मांडवात उरकता येते, आणि साठी बुद्धी नाठी व्हायला दुसरा वाढदिवस उजाडावा लागत नाही. शिवाय हा ग्रह बहुधा आपलं एकच तोंड कायम ताऱ्याकडे ठेवून असणार. एका अंगाला अखंड दुपार, दुसऱ्या अंगाला अखंड रात्र, आणि मधल्या पट्ट्यात न सरणारी संध्याकाळ. राहण्याजोगी जागा असलीच तर त्या पट्ट्यात. तिथल्या गवयाला जन्मभर संध्याकाळचा मारवाच गावा लागणार. या माणसाला मी कातर आवाज दिला.

चौथा आठ हातांचा, ऑक्टोपसवरून घेतलेला. ऑक्टोपसच्या पन्नासेक कोटी मज्जापेशींतल्या जवळपास दोन तृतीयांश त्याच्या हातांतच असतात. त्यामुळे माझ्या पात्राचा प्रत्येक हात स्वतःचं मत मांडतो आणि तो कोणताही निर्णय बैठक घेतल्याशिवाय करत नाही. आमच्या सोसायटीची कमिटी डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्यामुळे हे पात्र वीस मिनिटांत झालं. उरलेली दोन रविवारवर ढकलली.

संध्याकाळी आई वाल सोलत बसली होती. भिजवून मोड आणलेले कडवे वाल, बिरड्यासाठी. तिचं वय एक्याऐंशी, पण चिमटीत वाल धरला की साल एकीकडे आणि डाळिंबी पातेल्यात. मी तिला चारही पात्रं वाचून दाखवली. टायटनचा गुणाकारसुद्धा सांगितला. ती ऐकत होती. हात चालू होते.

"काय रे, त्या थंडीतल्या गावात सगळेच असे रेंगाळणारे?"

"सगळेच. तापमानच तसं आहे."

"घाईचं एकही माणूस नाही?"

मी पुन्हा तापमान सांगायला लागलो. ती म्हणाली, "तुझे बाबा अर्धा कप चहा अर्धा तास प्यायचे. आणि तुझी आत्या उभ्या उभ्या बशीत ओतून, भुरका मारून, कप विसळूनसुद्धा ठेवायची. एका आईची लेकरं. एकच घर, एकच हवा. तुमच्या फिजिक्सला विचार ते कसं काय."

फिजिक्सला विचारण्यात अर्थ नव्हता. मी कागद उलटसुलट करून पाहिले. चार ग्रह, चार स्वभाव, दर ग्रहाला एक. जणू अख्ख्या ग्रहाला एकच गणवेश शिवून दिला होता. टायटनवाले सावकाश, ट्रॅपिस्टवाले उदास. आणि हे मी, डोंबिवलीत चार मजल्यांच्या इमारतीत राहून लिहिलं होतं, जिथे जिन्यातल्या दिव्याचा रंग कोणता असावा यावर सोळा बिऱ्हाडांची सतरा मतं आहेत.

रात्री झोप येईना तेव्हा मला उलटं सुचलं. तिकडेही कुणी भाचा असेल आणि मामाला म्हणत असेल, मला एक पृथ्वीवाला पाहिजे. तो मामा काय करेल? त्याच्या हाती फार तर व्हॉयेजरची तबकडी लागेल. १९७७मध्ये दोन यानांवर पाठवलेली ती सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत. एक मराठीतही आहे. पृथ्वीवरचे लोक शुभविचार पाठवतात आणि तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हावं अशी त्यांची इच्छा आहे, असं त्यात एक बाई शांतपणे सांगतात. 'ह्या जन्मी' हे शब्द मला फार आवडतात. ऐकणाऱ्याला तोंड आहे की नाही याचा पत्ता नाही, पण त्याला पुढचेमागचे जन्म असणार हे आपण धरून चाललो. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर आहेत, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. दोन्ही यानं उडाली आणि काही दिवसांत, त्याच सप्टेंबरात, केसरबाई गेल्या. गाण्याचा राग भैरवी. आता तिकडच्या मामाला एवढंच कळणार, की पृथ्वीवाले नमस्कार घालतात आणि लगेच मैफल संपवणारी भैरवी गातात, तीही 'कुठे निघालात' असं विचारत. त्याच्या मालिकेतला पृथ्वीवाला दारात येतो, पुनर्जन्माबद्दल बोलतो, निरोपाचं गातो आणि जायला उठतो. दर भागात. तिकडे हशा पिकत असेल.

सकाळी उठून मी टायटनला हात घातला. बारा दिवसांचा नमस्कार अकरा दिवसांत उरकणारी एक बाई लिहिली. बाकीचे टायटनवाले तिच्याकडे बघून म्हणतात, केवढी ही धावपळ! (हे म्हणायला त्यांना दोन महिने लागतात.) तिला कुणाचंच वाक्य पुरं होईस्तोवर दम धरवत नाही. समोरच्याने 'न' म्हणायला घेतला, की तिसऱ्या दिवशी हिने त्याच्या वतीने 'नको' म्हणून टाकलेलं असतं. तो बिचारा नमस्कार म्हणत असतो. अशा रीतीने तिच्यामुळे धर्मशाळेतली दोन लग्नं मोडतात आणि एक जुळतं. ट्रॅपिस्टवरही मग वस्ती वाढली. पट्ट्याच्या उजेडाकडच्या काठाचे लोक अंधाराकडच्यांना मुलगी देईनात. मारव्याला कंटाळलेला एक तरुण तर सकाळचा भैरव ऐकायला मिळेल या आशेने घर सोडून निघाला. आठ हातांच्या पात्राला मी काही केलं नाही. त्याच्यात ती सोय आधीपासून होती.

सहाच्या जागी अकरा पात्रं झाली. भाचा कुरकुरला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "त्या घाईच्या बाईचा आवाज आजी देईल का?"

रेकॉर्डिंग त्याच्या खोलीत होतं. कपाटाची दारं उघडून त्यांवर गोधड्या टाकलेल्या, पंखा बंद, आणि लोकल गेली की पुढची येईपर्यंत मिळेल तेवढी शांतता. आईने चष्मा पुसला आणि ती माइकसमोर ताठ बसली.

"आजी, मी हात खाली केला की तू—"

"बोलायचं. कळलं."

"नाही, आधी दोन सेकंद—"

"थांबायचं. कळलं रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. कल्याणकडे जाणारी गाडी हळूहळू लांब गेली, त्याने हात वर उचलला, आणि तो खाली येण्याआधीच आईचा नमस्कार म्हणून झाला होता.