लाकडाच्या किल्लीने तुरुंगाचं कुलूप खरंच उघडलं का?

'एस्केप फ्रॉम प्रिटोरिया' हा सिनेमा मी ज्याला त्याला बघायला लावते, आणि बघून झाला की हाच प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: हो, उघडलं. तेही दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी सरकारच्या, प्रिटोरिया शहरातल्या तुरुंगाचं.

टिम जेन्किन आणि स्टीफन ली हे दोघे गोरे तरुण वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेससाठी काम करायचे. भर रस्त्यात छोटा बार उडवून बंदी असलेली पत्रकं गर्दीत उधळायची, हा त्यांचा गुन्हा. १९७८ मध्ये जेन्किनला १२ आणि लीला ८ वर्षांची शिक्षा झाली.

पहारेकऱ्याच्या हातातली किल्ली बघून जेन्किनने तिची मापं ओळखली आणि तुरुंगातल्याच सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये लाकडाची किल्ली घडवली. कोठडीला दारं मात्र दोन. आतल्या गजांच्या दाराला हात पोचायचा, पण बाहेरच्या पोलादी दाराचं कुलूप फक्त बाहेरूनच उघडायचं. मग पठ्ठ्याने झाडूच्या दांड्याला किल्ली बसवली, दांडा खिडकीतून बाहेर काढला आणि किल्ली आतून फिरवली! शेवट ठाऊक असूनही या प्रसंगाला माझा जीव दरवेळी टांगणीला लागतो. ११ डिसेंबर १९७९ ला हे दोघे आणि अ‍ॅलेक्स मुंबारिस हा तिसरा कैदी बाहेर पडले. अगदी शेवटचं दार तेवढं कुठल्याच किल्लीला दाद देईना, ते फोडावं लागलं. (मुंबारिसचं नाव सिनेमात बदललंय, ते मला फार खटकतं. इतकी वर्षं आत काढलेल्या माणसाला निदान स्वतःचं नाव तरी मिळायला हवं होतं.)

पण किल्ल्यांबद्दल सगळे विचारतात, डेनिस गोल्डबर्गांबद्दल कुणीच नाही. १९६४ मध्ये मंडेलांसोबत त्यांनाही जन्मठेप झाली. मंडेलांना रॉबेन बेटावर नेलं. गोल्डबर्ग गोरे म्हणून त्यांना प्रिटोरियात ठेवलं. शिक्षा एक, तरी तुरुंग रंगानुसार वेगळे. सुटकेच्या बेतात ते सामील होते. त्या संध्याकाळी त्यांनी पहारेकऱ्याला आपल्याकडे गुंतवून ठेवलं, म्हणून तिघांना वाट मिळाली. स्वतः मात्र ते मागे राहिले आणि थेट १९८५ मध्ये सुटले. सिनेमात त्यांच्या वाट्याला फार थोडं आलंय. त्यांच्यावर वेगळा सिनेमा निघाला, तर मी पहिल्याच दिवशी जाईन.