आमची वाटचाल : एकच बर्नर की सगळे?

गॅसच्या शेगड्या दुरुस्त करण्याचा हा व्यवसाय मी एकट्याने सुरू केला, तेव्हा माझ्या पिशवीत दोन पाने, एक पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जुने दात घासायचे ब्रश आणि जेटचे, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचे, भोक मोकळे करण्यासाठी एक पोलादी सुई एवढीच सामग्री होती. कामाची पद्धतही त्या पिशवीसारखीच आटोपशीर होती. ज्योत नीट नसेल तर बर्नर बदलायचा, ठिणगी पडत नसेल तर इग्निशनचा संच बदलायचा आणि नॉब घट्ट झाला असेल तर त्यामागचा कॉक, म्हणजे गॅस चालू-बंद करणारी झडप, बदलायची. नवा भाग बसलेला दिसला की गिऱ्हाइकाचे समाधान होई आणि, खरे सांगायचे तर, आमचा नफाही सुट्या भागांवरच होता. दोष नेमका कशाने निर्माण झाला हा प्रश्न कोणी विचारत नसे, त्यामुळे तो मलाही पडत नसे.

तो प्रश्न पडला तो सुईमुळे. एका घरी ज्योत मंद असल्याची तक्रार होती. मी जेट काढला, सुईने चांगला कोरला आणि ज्योत भरभरून पेटली तेव्हा कौतुकही ऐकून घेतले. महिन्याभरात त्याच घरून पुन्हा बोलावणे आले. भांड्यांची बुडे काळी पडत होती, ज्योतीचे शेंडे पिवळे झाले होते आणि स्वयंपाकघरात उभे राहिले की डोळे चुरचुरत होते. जेट पितळेचा असतो आणि पोलाद पितळेपेक्षा कठीण असते, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. अनेक जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिलेला असतो. 70 म्हणजे 0.70 मिलिमीटर. हे भोक 0.80 पर्यंत मोठे झाले तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, परंतु त्याचे क्षेत्रफळ सुमारे 30 टक्क्यांनी वाढते आणि जवळपास त्याच प्रमाणात गॅसही जास्त सुटतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात; प्रोपेनच्या एका भागाला पुरते जळण्यासाठी हवेचे सुमारे 24 भाग लागतात आणि ब्युटेनला सुमारे 31. गॅस वाढला आणि हवा त्या मानाने वाढली नाही की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो, ज्याला कसलाही वास नसतो. त्या घरी मी नवा जेट विनामूल्य बसवून दिला आणि सुई पिशवीतून कायमची काढून टाकली. आता जेट कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचा, हवेच्या झोताने फुंकायचा आणि उजेडाकडे धरून भोक गोल व स्वच्छ दिसते का ते पाहायचे. तरीही मोकळा झाला नाही तर तो सरळ बदलायचा, असा आमचा नियम आहे.

व्यवसायाला खरे वळण मात्र दिले ते माझ्या पत्नीने. मी कामावर गेलो की फोन तीच घेत असे आणि तक्रारी एका नोंदवहीत लिहून ठेवत असे. शेगडीच्या आतले भाग तिला ठाऊक नव्हते, म्हणून ती अगदी साधे प्रश्न विचारी, आणि त्यांतला पहिलाच प्रश्न माझ्या सगळ्या हत्यारांपेक्षा उपयोगाचा ठरला: "एकच बर्नर मंद पेटतो की सगळे?" सगळेच मंद असतील तर दोष शेगडीच्या मागे असतो, म्हणजे सिलिंडर संपत आलेला असतो, पाइपला कुठे तरी दुमड पडलेली असते किंवा रेग्युलेटर बिघडलेला असतो. कडाक्याच्या थंडीत सिलिंडरही कारण असू शकतो, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या जरासे खालीच वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत साथ देतो. याउलट एकच बर्नर मंद असेल तर जेट, कॉक किंवा बर्नर यांच्यापलीकडे पाहण्याचे कारण उरत नाही. मी मात्र तोवर दरवेळी आधी शेगडी उलटी करून सगळे खोलत बसत असे.

तिचा दुसरा प्रश्न असे: "शेगडी नुकतीच धुतली होती का?" ठिणगी सतत टकटक करत राहणे किंवा मुळीच न पडणे, या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा इलेक्ट्रोडच्या चिनी मातीच्या आवरणावर किंवा नॉबखालच्या स्विचमध्ये राहिलेले पाणी असे, आणि शेगडी कोरडी होऊ दिली की काम भागत असे. धुतल्यानंतर बर्नरची टोपी खाचेत नीट न बसल्यामुळे ज्योत एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला नाहीशी होते, हेही त्याच नोंदींतून पुढे आले. टोपी उचलून पुन्हा सपाट बसवा, असे फोनवर सांगितले की पलीकडून काही क्षणांनी हसण्याचा आवाज येई.

नॉब दाबून धरला की पेटते आणि सोडला की विझते, ही तक्रार आम्ही सर्वांत जास्त काळ चुकीच्या पद्धतीने हाताळली. ज्या शेगड्यांना ज्योत विझताच गॅस बंद करणारी यंत्रणा असते, त्यांत बर्नरजवळ थर्मोकपलचे टोक असते. ज्योतीने ते तापले की दोन भिन्न धातूंच्या सांध्यात काही मिलिव्होल्ट, साधारणतः 20 ते 30, एवढा क्षीण विद्युतदाब निर्माण होतो आणि तेवढ्यावर एक छोटा विद्युतचुंबक झडप उघडी धरून ठेवतो. मी थर्मोकपल बिनदिक्कत बदलत असे. नंतर बदललेले जुने थर्मोकपल बाकावर तपासून पाहिले, तेव्हा त्यांतले बरेचसे चांगले निघाले. कुठे टोकावर उतू गेलेल्या पदार्थाचा थर जळून बसला होता, कुठे टोक ज्योतीपासून बाजूला सरकले होते, कुठे झडपेकडची चकती सैल होती. शिवाय अनेक जण पेटल्यावर नॉब लगेच सोडून देत, म्हणजे टोक तापायला लागणारे काही सेकंदही त्याला मिळत नसत. तो ढीग मी अजून टाकलेला नाही.

फोनवरच उपाय सांगायचे ठरले, तेव्हा पुढे सोबत आलेल्या माझ्या भागीदाराने कडाडून विरोध केला. आपण आपल्याच पोटावर पाय आणत आहोत, असे त्याचे म्हणणे होते आणि ते अगदीच खोटे नव्हते. फेऱ्या घटल्या आणि काही महिने ओढाताणीचे गेले. पुढे ज्यांची शेगडी आम्ही न जाता चालू झाली होती, तेच लोक मोठ्या कामासाठी आम्हाला बोलावू लागले आणि शेजाऱ्यांनाही सांगू लागले, तेव्हा त्याने विरोध सोडला, मान्य मात्र आजही केलेले नाही.

परंतु फोनवर काय सांगायचे नाही, हेही आम्ही त्याच वेळी ठरवले. गॅसचा वास येत असेल तर प्रश्नोत्तरे नाहीत. पुरवठा बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर जाऊन पुन्हा फोन करा, एवढेच सांगायचे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, तर पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे छताकडे जातो, म्हणून कोणता गॅस आहे हे आम्ही पोहोचण्यापूर्वीच विचारून घेतो. गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने, काडी पेटवून कधीही नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण अजूनही पडते.

कॉकलाही घरच्या माणसाने हात लावू नये, असे आमचे ठाम मत आहे. त्यातली निमुळती खुंटी आणि तिचे घर एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एका बर्नरची खुंटी दुसऱ्यात बसवली तर गळते. घट्ट झालेल्या नॉबमध्ये हाताशी असेल ते तेल सोडले की तो दोन दिवस लोण्यासारखा फिरतो. मग उष्णतेने तेल पातळ होऊन वाहून जाते किंवा चिकट होऊन बसते. तिथे गॅसच्या कॉकसाठीचे, उष्णता सोसणारे ग्रीसच लागते, तेही बेताने, नाहीतर ते वाटेतच अडकते.

अलीकडे सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर शेगडी बदलून देण्याची कामे वाढली आहेत. नैसर्गिक वायूत तेवढ्याच घनफळात उष्णता बरीच कमी असते, म्हणून मोठ्या भोकाचे जेट लागतात आणि मंद आचेचा स्क्रूही नव्याने जुळवावा लागतो. शेगडी त्या गॅससाठी बनवलेली नसेल किंवा योग्य जेट मिळत नसतील, तर आम्ही काम स्वीकारत नाही. जुने जेट ड्रिलने मोठे करून द्या, अशी मागणी आली की आम्ही सरळ नाही म्हणतो.

आज आम्ही चौघे जण काम करतो. नवा माणूस लागला की पहिला महिना त्याला पिशवी मिळत नाही. तो फोनजवळ बसतो, नोंदवही लिहितो आणि पत्नीने पहिल्या पानावर लिहून ठेवलेले प्रश्न त्याच क्रमाने विचारतो.