थांबायचं किती, ते मीटरलाच विचारा

आमच्या भोसरीच्या टेस्ट बेंचवर तीन उपकरणं एकाच बसवर, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलायच्या सामाईक तारांवर आहेत: प्रोग्रामेबल एसी सोर्स, हवा तेवढा करंट ओढणारा इलेक्ट्रॉनिक लोड आणि एचपीचा जुना ३४४०१ए मल्टिमीटर. बसचं नाव जीपीआयबी. तिचे ते २४ पिनांचे जाडजूड कनेक्टर, एकाच्या पाठीवर दुसरा बसवलेला. काम साधं: २४ व्होल्ट, ५ अँपिअरच्या एसएमपीएसला (एसीचा डीसी करणाऱ्या पॉवर सप्लायला) नो-लोड, हाफ लोड, फुल लोड द्यायचा, तिन्ही वेळा आउटपुट मोजायचं आणि रिपोर्ट छापायचा.

प्रोग्राम पायथनमधला, बाहेरून करून घेतलेला. एका नवीन मॉडेलसाठी जास्त बारीक रीडिंग हवं होतं म्हणून मीटरचा इंटिग्रेशन टाइम, म्हणजे एका रीडिंगसाठी मोजत राहायचा वेळ, १०० पीएलसी केला आणि रिपोर्टची तऱ्हा झाली. नो-लोडची ओळ रिकामी. हाफ लोडच्या ओळीत आकडा आहे, पण तो नो-लोडचा. फुल लोड परत रिकामी. ट्रेनी पोरगा म्हणाला, "मॅडम, प्रत्येक कमांडनंतर तीन सेकंद थांबायचा स्लीप आहे, पाचचा करून बघू का?"

म्हटलं, दहाचा कर, काही फरक पडणार नाही. आधी कागद घे.

पीएलसी म्हणजे पॉवर लाइन सायकल. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून एक सायकल २० मिलिसेकंदांची. १०० सायकली म्हणजे २ सेकंद. त्यात ऑटोझीरो चालू असेल तर मीटर प्रत्येक रीडिंगमागे स्वतःचं शून्यही तेवढाच वेळ मोजतो. झाले ४ सेकंद. आणि पायव्हिसाचा (उपकरणांशी बोलायच्या पायथन लायब्ररीचा) टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा, कुणी बदलला नसेल तर तो २ सेकंदांचा असतो.

आता क्रम बघा. प्रोग्राम 'रीड?' पाठवतो, म्हणजे 'मोज आणि आकडा दे'. मीटर शांतपणे मोजत बसतो. २ सेकंदांनी प्रोग्राम वाट सोडतो. एरर आली, पण लिहिणाऱ्याने ती एरर पकडणाऱ्या ट्राय-एक्सेप्टमध्ये गिळून टाकली होती (हे गिळणं मला सगळ्यात जास्त खटकतं). ओळ रिकामी ठेवून तीन सेकंदांची झोप. तेवढ्यात मीटरचं मोजून झालं, उत्तर त्याच्या आउटपुट बफरमध्ये तयार. मग हाफ लोड लागतो आणि दुसरा 'रीड?' जातो. आधीचं उत्तर कुणी नेलंच नाही म्हणून मीटर पीप करतो, स्वतःच्या यादीत उणे ४१०, 'क्वेरी इंटरप्टेड' अशी नोंद करतो, आणि आमचा प्रोग्राम ते शिळं उत्तर ताजं समजून उचलतो. नो-लोडचा व्होल्टेज हाफ लोडच्या नावावर! लोड देऊनही व्होल्टेज जराही हललेला नाही, म्हणजे रेग्युलेशन एकदम झकास. ही ओळ रिकाम्या ओळींपेक्षा धोक्याची.

तो पीप महिनाभर सगळ्यांच्या कानावर पडत होता. कॉम्प्रेसरच्या आवाजात कोण लक्ष देतं? पण मीटर एररची रांग ठेवतो, २० पर्यंत. 'सिस्ट:एर?' विचारलं की एकेक करून सांगतो. आम्ही विचारलं तेव्हा रांगेत उणे ४१० च उणे ४१० होते.

गंमत अशी की हे 'थांबायचं किती' प्रकरण तारेच्या पातळीवर कधीच सुटलेलं आहे. एचपीने ही बस १९६० च्या दशकाच्या शेवटी केली, १९७५ साली ती आयट्रिपलई ४८८ म्हणून स्टँडर्ड झाली. तिच्यात आठ डेटाच्या तारा आणि तीन फक्त हँडशेकच्या. 'तयार नाही' आणि 'अजून घेतलं नाही' या दोन तारा ऐकणाऱ्यांच्या हातात. ऐकणाऱ्यांपैकी एकानेही तार खाली ओढून धरली तरी पुढचा बाइट जात नाही. पंगतीसारखं: शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. अंदाजाला जागाच नाही. आणि एवढ्या शिस्तीच्या बसवर आपण वरून स्लीप तीन, स्लीप पाच पेरत बसतो.

बदल फार नव्हते. टाइमआउट १० सेकंद केला. 'रीड?' नंतरची स्लीप काढली, कारण मोजून झाल्याशिवाय उत्तर येतच नाही. टाइमआउट झालाच तर मीटरमधलं अडकलेलं उत्तर पुसणारा डिव्हाइस क्लिअर पाठवायचा आणि टेस्ट तिथेच थांबवायची, पुढे रेटायची नाही. प्रत्येक ओळीनंतर एररची रांग वाचायची, रिकामी नसेल तर रिपोर्ट छापायचा नाही.

लोडसाठी '*ओपीसी?' वापरला. त्याच स्टँडर्डच्या १९८७ च्या ४८८.२ या भागात आलेली ही कमांड. हातातलं काम संपलं की उपकरण '१' असं उत्तर देतं. पोरगा खूश झाला, म्हणाला, "मग सगळीकडे हेच टाकतो." तिथे त्याला थांबवलं. लोडने '१' दिला म्हणजे लोडचं काम झालं. समोरच्या एसएमपीएसचं आउटपुट स्थिरावलं की नाही, हे लोडला काय माहीत? ते जॉबलाच, म्हणजे टेस्टला लावलेल्या एसएमपीएसलाच विचारायचं. म्हणून मीटरचा पीएलसी १ वर आणून भराभर रीडिंग घेतो, लागोपाठची दोन २ मिलिव्होल्टच्या आत जुळली की मगच १०० पीएलसीचं खरं रीडिंग. ठरावीक वेळात जुळली नाहीत तर जॉब फेल. त्यात एकदा आउटपुट कपॅसिटरचं कोरडं सोल्डरिंगही सापडलं, जे जुन्या प्रोग्रामने आरामात पास केलं असतं.

प्रोग्राममध्ये आता एकच स्लीप उरली आहे, अर्ध्या तासाची. फुल लोडवर जॉब तापवून मग मोजायचा, असं कस्टमरच्या टेस्ट प्रोसिजरमध्येच लिहिलंय, त्यामुळे तिला हात लावलेला नाही. तेवढ्या वेळात पोरगा दुसऱ्या बेंचचा प्रोग्राम उघडून बसतो. त्यातल्या स्लीप मोजायला सांगितल्यात.