तुम्ही विचारलंत म्हणून: ही २९ नंबरची जर्सी कोणाची?

इकडे डॅलसला मराठी मंडळींच्या क्रिकेट मॅचला मी टेक्सास रेंजर्स या बेसबॉल टीमची २९ नंबरची जर्सी घालून जातो आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, हा बेल्ट्रे कोण रे, आणि बेसबॉलमध्ये एवढं बघण्यासारखं असतं तरी काय. दोन ओव्हरच्या मध्ये धड सांगता येत नाही, म्हणून इथे सांगतो.

एड्रियन बेल्ट्रे, डोमिनिकन रिपब्लिकचा, सांतो दोमिंगोमधला. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमने त्याला साइन केलं तेव्हा पोरगा १५ वर्षांचा होता, नियम किमान १६ चा, मग काय, कागदावर वय वाढवलं. हे १९९९ मध्ये बाहेर आलं आणि डॉजर्सना दंड बसला, पण तोवर हा मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळायलाही लागला होता. पुढे सिएटल, एक वर्ष बोस्टन, आणि २०११ ते २०१८ आमच्याकडे. ३,१६६ हिट्स (बॉल मारून बेस गाठला की हिट), ४७७ होमरन (आपल्या सिक्ससारखं, बॉल थेट मैदानाबाहेर). बाकीचे आकडे गुगल करा.

मला आवडायची त्याची फिल्डिंग. तो थर्ड बेस सांभाळायचा, म्हणजे रन काढताना गाठायच्या तिसऱ्या टप्प्याची जागा, बॅटरपासून ९० फूट, २७ मीटर म्हणा, आणि राइट हँडरने ओढलेला बॉल तिकडेच सुसाट येतो, म्हणून त्या जागेला हॉट कॉर्नर म्हणतात. पण खरी मजा याच्या उलट बॉलची, म्हणजे बॅटला जेमतेम लागून थर्डच्या दिशेने रांगत येणारा. बेल्ट्रे पळत पुढे यायचा, ग्लोव्ह बाजूला, उजव्या हाताने नुसत्या पंजात बॉल उचलायचा आणि सरळ उभं न राहता त्याच वाकलेल्या अवस्थेत, बॅटर पोचायच्या आत, फर्स्ट बेसला फेकायचा. आपला जाँटी आठवा, तसंच काहीसं, फक्त हा हे काम आठवड्यातून सहा-सहा दिवस करायचा. फिल्डिंगचं बक्षीस असलेले पाच गोल्ड ग्लोव्ह उगाच नाही मिळाले.

आणि हे सगळं सेंटर गार्ड न घालता! २००९ मध्ये सिएटलकडून खेळताना बॉल वेडावाकडा उसळून नको तिथे लागला, ते वर्णन मी करत नाही. पठ्ठ्या तरी मैदानात राहिला, मॅच नेहमीच्या ९ ऐवजी १४ इनिंगपर्यंत गेली आणि जिंकणारा रन यानेच काढला. मग नंतर कितीतरी दिवस बाहेर. याला शौर्य म्हणायचं की हट्टीपणा तुम्ही ठरवा, मी हट्टीपणा म्हणतो.

बॅटिंगही तशीच अतरंगी. खाली वळणारा बॉल असला की एक गुडघा जमिनीला टेकवून मारायचा, २०११ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे लीगच्या फायनलच्या, पाचव्या मॅचमध्ये ख्रिस कार्पेंटर या पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) असाच गुडघ्यावरून होमरन मारलाय. (सहाव्या मॅचचा विषय काढू नका. बॅटरचा बॉल हुकला की स्ट्राइक, आणि जिंकायला दोनदा फक्त एक स्ट्राइक हवा होता, तरी हरलो.) आणखी एक गंमत, त्याने तीनदा सायकल केली, म्हणजे एकाच मॅचमध्ये सिंगल, डबल, ट्रिपल (एक, दोन, तीन बेस गाठणारे फटके), होमरन सगळं, आणि तिन्ही वेळा रेंजर्सच्या आर्लिंग्टनच्याच ग्राउंडवर, त्यातली पहिली तर २००८ मध्ये सिएटलकडून आमच्याच विरुद्ध!

काही लोक म्हणतात काँट्रॅक्ट संपत आलं की हा खेळायचा. २००४ ला ४८ होमरन मारले आणि लगेच सिएटलचं मोठं काँट्रॅक्ट मिळालं, म्हणून. पण सिएटलचं ग्राउंड राइट हँडेड बॅटरसाठी वैताग होतं हे कोणी बोलत नाही, आणि टेक्सासमध्ये आठ वर्षं जे केलं ते काय पगारवाढीसाठी?

आता तो किस्सा. जुलै २०१७, मायामीविरुद्ध रेंजर्स बेक्कार मार खात होते, शेवटी २२-१० हरले. पुढचा बॅटर जिथे थांबतो तिथे एक गोल मॅट असते, बेल्ट्रे नेहमीप्रमाणे तिच्यापासून लांब उभा. अंपायर म्हणाला मॅटवर जा. याने शांतपणे मॅट धरून ओढली, स्वतःच्या पायाखाली आणली आणि तिच्यावर उभा राहिला. अंपायरने हाकलला! माझ्या मते अंपायर साफ चुकला, सांगितलं तेच तर केलं होतं त्याने. चारच दिवसांनी ३,००० वी हिट, डबल. डोमिनिकनमध्ये जन्मलेला तिथवर पोचणारा तो पहिलाच.

डोक्याला हात लावलेला मात्र अजिबात खपत नाही त्याला. कारण विचारू नका, नाही खपत. त्यामुळे टीममधला त्याचा दोस्त एल्विस अँड्रस त्याच्या दर होमरननंतर मुद्दाम टपली मारायला टपलेला असायचा आणि हा ग्लोव्ह, बॉल, जे हातात असेल ते त्याच्यावर उगारायचा. २०२४ मध्ये हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानाच्या) स्टेजवर डेव्हिड ऑर्टीझ या दुसऱ्या डोमिनिकन दिग्गजानेसुद्धा सोडलं नाही, डोकं चोळलंच.

हॉल ऑफ फेमला पात्र झाला त्या पहिल्याच वर्षी निवडून आला, ३८५ पैकी ३६६ मतं. उरलेल्या १९ जणांचं काय बिनसलं होतं कोण जाणे.