डावखुरी दुनळी

‘बंदुकीचा दस्ता जरा वाकडा झालाय, जुनं लाकूड आहे, म्हणून कमीत देतो,’ असं दुकानदार म्हणाला तेव्हा मी मुद्दाम चेहरा पाडला. दस्ता वाकडा झालेला नव्हता, तसाच घडवलेला होता. मागून पाहिलं की जेमतेम अर्धा सेंटिमीटर डावीकडे झुकलेला. उजव्या हाताच्या माणसाचा उजवीकडे झुकतो. म्हणजे बेल्जियममधल्या लिएझला कुण्या डावखुऱ्याच्या मापानं बेतलेली ही दुनळी फिरत फिरत पेनसिल्व्हेनियात येऊन धूळ खात पडली होती.

लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की आजी मनगटावर चापट मारायची. शाळेत पट्टी. पुढे कात्री आली, कॉलेजातल्या एकाच बाजूला फळी असलेल्या खुर्च्या आल्या. नेमबाजीच्या क्लबातल्या उसन्या बंदुकांचंही तेच. गाल टेकवला की डोळा नळीच्या रेषेत यायचाच नाही, मान तिरपी करून नेम धरायचा.

घरी आणून उघडली. नळ्यांच्या बुडाशी, लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागात, लिएझच्या तपासणीचा शिक्का: लंबगोलात ईएलजी, वर मुकुट. मुकुट १८९३ पासूनचा. १९२२ पासून सालाचं अक्षरही ठोकू लागले, ते इथे नाही. म्हाताऱ्या माणसांचा जन्म प्लेगच्या साथीवरून काढायचे, तसं मी तिचं वय काढलं.

बोअर सोळा. पौंडभर शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी. त्यामुळे आकडा चढला की नळी बारीक होते आणि आपल्याकडची बाराबोअर हिच्यापेक्षा जाड. हिचं काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं, आजची काडतुसं मात्र ७० ची. तीही आत बसतात, आणि धोका तिथेच आहे. बार उडताना काडतुसाचं तोंड उलगडतं, त्याला जागा पुरत नाही, दाब वाढतो. तेव्हा बंदूक कारागिराकडून तपासून आखूड काडतुसं येईपर्यंत तीन आठवडे कळ काढली. बायकोच्या मते एवढी वाट मी लग्नाचीही पाहिली नव्हती.

शनिवारी मैदानात उभा राहून ‘पुल!’, म्हणजे ‘सोडा!’, असं ओरडलो. त्यावर नेम धरायला हवेत उडते ती बशी. तिला मातीची म्हणतात, असते डांबर आणि चुनखडीची. बंदूक खांद्याला लागली आणि गाल आपोआप जागेवर गेला. दोन नळ्यांमधली पट्टी डोळ्यापुढे सरळ, मान कुठेही वळवायला नको. या खुशीत बार काढला, बशी शाबूत निघून गेली. घाईघाईनं पुन्हा चाप ओढला, तर काहीच नाही! हिला चाप दोन, नळीगणिक एक, आणि मी तोच पुढचा ओढत होतो. शेजारचे आजोबा मिशीत हसले.

चौथ्या बशीचा काळा भुगा झाला. उघडल्यावर रिकामी काडतुसं टुणकन बाहेर पडत नाहीत, नुसती जराशी वर येतात. ती चिमटीनं उपसायची, बोटांना कोमट पितळ लागतं. पंचवीसपैकी अकरा फुटल्या. उसन्या बंदुकीनं सातच्या वर कधी गेलो नव्हतो.

आजोबांनी कौतुकानं बंदूक मागितली. उजव्या खांद्याला लावली, गाल इकडून टेकवला, तिकडून टेकवला, मान तिरपी केली.

‘वाकडी आहे ही,’ ते म्हणाले.

‘हो ना,’ म्हणत मी ती लगेच परत घेतली.