आजींची दीड भाकर आणि डब्यातले चार बटाटे

मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे, शुगर-बीपीच्या पेशंटना काय खायचं ते सांगते. मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या, सोबत मुलगा. गोळ्या वेळेवर चालू, चहा बिनसाखरेचा, तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c ही टक्क्यांतली तपासणी) 7.4 वरून 8.9 वर गेलेली. मुलगा अगदी काकुळतीला आलेला, म्हणे मॅडम मी तर तिची मक्याची भाकर पण बंद केली, आता फक्त उकडलेले बटाटे देतो.

मी म्हटलं का बरं? तर त्याने मोबाईलवर वाचलेलं, 100 ग्रॅम मक्यात 365 कॅलरी आणि 100 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात 87. म्हणजे बटाटा चौपट हलका, मग पोटभर खाऊ दे. आकडे दोन्ही बरोबर होते हो, तेच तर अवघड झालं! आजी मधेच हळूच म्हणाल्या, "भाकर खादाबिगर जेवन झायं आसं वाटतच नई व माय."

डबा सोबतच होता. मी काटा काढला आणि डब्यातले चार बटाटे ठेवले, 540 ग्रॅम भरले. मग आमच्या मावशींकडून मक्याचं पीठ मागवलं आणि आजींना म्हटलं, एका भाकरीला घेता तेवढं घ्या बरं. त्यांनी न बघता ओंजळीने काढलं, 60 ग्रॅम. जेवायच्या दीड भाकर, म्हणजे 90 ग्रॅम पीठ.

मग कागदावर हिशोब मांडला. 90 ग्रॅम पिठाच्या साधारण 330 कॅलरी आणि 67 ग्रॅम कर्बोदकं, आणि चार बटाट्यांच्या 470 कॅलरी नि 108 ग्रॅम कर्बोदकं. मुलगा बघतच राहिला. त्याला सांगितलं, अरे तू वाळलेलं धान्य आणि पाण्याने भरलेला कंद एका तराजूत घातलेस, पिठात पाणी जेमतेम दहा-बारा टक्के आणि बटाट्यात पाऊण हिस्सा पाणीच. पीठ कोणी कोरडं खातं का, पाणी घालून थापतोच ना. ओल्या कणसाचे दाणे उकडून तोलले असते तर 100 ग्रॅमला 96 कॅलरी दिसल्या असत्या, बटाट्याच्या अगदी शेजारी. आणि त्या दाण्यांमध्ये प्रथिनं 3 ग्रॅमच्या वर, बटाट्यात 2 पेक्षा कमी. शिवाय उकडलेल्या बटाट्याने शुगर पटकन चढते, कणसाने त्यामानाने सावकाश.

तेवढ्यात तो म्हणाला मग बटाटा कायमचा बंद करू. हे मला अजिबात पटत नाही, एका पदार्थाला चोर ठरवलं की लोक दुसऱ्यावर तुटून पडतात, इथेही तेच झालेलं. बटाट्यात क जीवनसत्त्व आहे, जे वाळलेल्या मक्यात नसतंच, पोटॅशियम पण चांगलं, आजींची किडनी ठीक होती म्हणून त्याची भीती नव्हती. फक्त आपल्याकडे बटाटा भाजी म्हणून वाढतात आणि तो असतो भाकरीच्याच जातीचा. म्हणून ठरवलं, बटाटा एक मध्यम, तोही मेथीत नाहीतर पालकात, आणि त्या दिवशी भाकर अर्धी कमी.

मक्याचं पण एक उणं आहे, त्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा शरीराला लागणारा एक घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. पण हे आजींना मी काय शिकवणार! आपल्याकडे कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळतात, तसाच मक्यात घाला म्हटलं तर त्या म्हणाल्या, त्यांची सासू घालायचीच.

महिन्याने आल्या तेव्हा उपाशीपोटीची शुगर 198 वरून 151 झालेली. तीन महिन्यांची तपासणी अजून व्हायची आहे. फडक्यात बांधून उडीद घातलेली मक्याची भाकर आणली होती, मला खायला, पण आधी त्यांनीच ती काट्यावर ठेवली.