गाडी, पेढे आणि राहिलेलं दळण

काल सकाळी नातीला शाळेत सोडायला निघालो आणि गाडीनं दगा दिला, तोही साताऱ्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, मागं हॉर्नचा नुसता गोंधळ आणि शेजारी बसलेली नात म्हणते, "आबा, ढकलू का?" सात वर्षांची आहे ती! शेवटी कॉलेजच्या चार पोरांनी ढकलत वर आणली, देव भलं करो त्यांचं.

गॅरेजवाल्यानं मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजेत, माझ्या गाडीत 12 पण नाहीत, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करतो तो) बॅटरी चार्जच करत नव्हता. खोलून दाखवलं तर त्यातले कार्बन ब्रश, फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजून नखाएवढे उरलेले. आणि मी शहाणा मागच्याच महिन्यात नवीन बॅटरी घालून बसलोय!

मग काय, रिक्षा. नातीला शाळेत सोडलं (उशीर का झाला ते बाईंना तिनंच रंगवून सांगितलं), हिच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या, राजवाड्यावरून व्याह्यांसाठी अर्धा किलो कंदी पेढे, त्यातले दोन रिक्षातच संपले, शुगर आहे म्हणून घरी बोललो नाही. पाचला गाडी मिळाली. घरात पाऊल टाकतोय तोवर ही म्हणते, "अहो, दळण गिरणीतच राहिलं की!"